चौतीस इंच आणि वर पाऊण

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बुटक्या घोड्यांवर, म्हणजे मिनिएचर हॉर्सवर, आलेला लेख वाचला. अमेरिकेत हौसेनं असे घोडे पाळणाऱ्या कुटुंबांबद्दल लिहिलंय आणि फोटोही गोड आहेत. लेखिका म्हणतात की हा घोडा कुत्र्याएवढा असतो, घरात वावरतो, मुलं त्याच्या पाठीवर बसतात, विमानातूनही नेता येतो. आणि शेवटी, 'नोंदणी केली की झालं'.

या शेवटच्या चार शब्दांसाठी हे पत्र. मी ३१ वर्षं दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकुनी केली. 'नोंदणी केली की झालं' असं म्हणून गेलेली माणसं दोन-चार वर्षांनी तोंड पाडून माझ्याच खिडकीशी परत आलेली मी पाहिली आहेत. निवृत्तीनंतर मुलाकडे अमेरिकेत आलो तेव्हा वाटलं, सुटलो. इथे येऊन घोड्याचे कागद करायची पाळी आली.

नात सहा वर्षांची होती. तिनं एका जत्रेत असा घोडा पाहिला आणि मग वर्षभर घरात दुसरा विषय नाही. मुलाच्या घरामागे दोन एकर जागा आहे, कुंपण आहे, घोडा ठेवायला स्थानिक नियमांची आडकाठी नाही. एवढी चौकशी त्यानं आधी केली, हे त्याचं शहाणपण. बहुतेक ठिकाणी हा प्राणी कितीही बुटका असला तरी नियमांच्या लेखी गुराढोरांतच मोडतो, मांजर-कुत्र्यांत नाही. बाकी सगळी चौकशी आम्ही घोडा दारात आल्यावर केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते आमच्याकडे शब्दशः घडलं.

ऑक्टोबर २०२० मध्ये दीड वर्षाचं शिंगरू आलं. पांढऱ्या अंगावर तपकिरी मोठे डाग. इथे त्याला पिंटो म्हणतात, मी म्हटलं हा तर अबलख. नातीनं तिथल्या तिथे त्याचं 'अब्या' करून टाकलं. मला घरात 'आबा' म्हणतात. तेव्हापासून कुणी मागच्या दारातून हाक मारली की आम्ही दोघेही वळून बघतो. कागदावर मात्र अब्याचं नाव लांबलचक आहे, त्यात जिथे जन्मला त्या घोडेवाल्याच्या फार्मचं नाव आधी लागतं, जसं काही आडनाव पुढे लावावं तसं.

विकणाऱ्यानं एक पाकीट दिलं आणि म्हणाला, पेपर्स आहेत, दोन्हीकडचे. मुलानं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. मी रात्री चष्मा लावून ते काढलं. सवय जात नाही.

'दोन्हीकडचे' म्हणजे काय, हे वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, कारण लेखात याचा उल्लेखच नाही. अमेरिकेत या घोड्यांच्या मुख्य नोंदणीवह्या दोन. एक अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन, १९७८ साली सुरू झालेली, कचेरी टेक्सासात. तिची मर्यादा ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर. दुसरी अमेरिकन मिनिएचर हॉर्स रजिस्ट्री. ही १८८८ सालच्या अमेरिकन शेटलँड पोनी क्लबच्या छत्राखाली चालते. तिच्यात दोन गट आहेत: ३४ इंचांपर्यंतचा 'ए' आणि त्यावर ३८ इंचांपर्यंतचा 'बी'. एकच घोडा दोन्ही वह्यांत असू शकतो. अब्या होता, आणि तेच पुढे आमच्या कामाला आलं.

आता उंची. एरवी घोड्याची उंची मानेच्या बुडाशी पाठीचा जो उंचवटा असतो तिथे मोजतात. या घोड्यांची मोजतात आयाळीचा शेवटचा केस जिथे उगवतो तिथे. केस शोधायचा, घोडा सपाट, कडक जमिनीवर चारी पायांवर नीट उभा करायचा, पाणसळ लावलेली मोजपट्टी वरून टेकवायची. खूर वाढलेले असतील तर उंची वाढते, घोड्यानं मान खाली घातली की आकडा वेगळा, पाय पसरले की आणखी वेगळा. जमिनीच्या मोजणीत बांधावरून भांडणारे लोक मी पुष्कळ पाहिले; पाव इंचासाठी घोड्याचे पाय सरळ करत बसलेली माणसं मी इथे पाहिली.

त्या रात्री पाकिटात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, नोंदणी तात्पुरती होती. लहान शिंगराची नोंदणी तशीच होते, कारण ते अजून वाढायचं असतं. असोसिएशनकडे घोडा पाच वर्षांचा झाला की पुन्हा मोजून कायम नोंदणी करायची असते. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, 'बत्तिसाच्या वर जाणार नाही.' त्या दिवशी अब्या साडेएकतीस होता आणि त्याची वाढीची दोन-तीन वर्षं शिल्लक होती. हा हिशेब सहा वर्षांच्या नातीलाही करता आला असता, पण ती त्याच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि आम्ही तिघं मोठी माणसं तिच्याकडे बघत होतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. प्रमाणपत्रावर मालक म्हणून ज्या बाईंचं नाव होतं, त्यांना आम्ही कधी पाहिलंही नव्हतं. विकणाऱ्यानं घोडा त्यांच्याकडून घेतला, पैसे दिले, पण हस्तांतर केलं नाही. म्हणजे खरेदीखत झालं, फेरफार नाही! आमचं नाव लागायचं तर आधी त्या बाईंकडून विकणाऱ्याच्या नावावर, मग विकणाऱ्याकडून आमच्या नावावर, अशी दोन हस्तांतरं हवी होती. दोन्हीकडच्या सह्या, विक्रीच्या तारखा, दोनदा शुल्क. आणि दोन वह्या असल्यामुळे हे सगळं पुन्हा दोनदा. विकणारा आधी म्हणाला, करतो. मग फोन उचलेना. इथेच आमचं घोडं पेंड खाऊ लागलं.

सात महिने गेले. सुनेनं त्या बाईंना शोधून काढलं. सुदैवानं बाई भल्या निघाल्या, त्यांनी सही करून पाठवली, वर अब्याच्या आईचा एक फोटोही पाठवला. विकणाऱ्याची सही मिळवायला मुलाला दोन तास गाडी हाकत जाऊन त्याच्या अंगणात उभं राहावं लागलं. म्हणून आपल्या वाचकांपैकी कुणी परदेशात असा घोडा घेणार असेल, तर माझं सांगणं एवढंच: प्रमाणपत्रावरचं शेवटचं नाव आणि समोर पैसे घ्यायला उभा असलेला माणूस एकच आहे का, ते बघा. नसेल तर सही आधी, पैसे नंतर. नर घोड्याचे आणि घोडीचे कागद असले म्हणजे पिल्लाचे आपोआप होतील, हाही समज नको. त्या वर्षी कोणत्या घोड्याकडे कोणत्या घोड्या नेल्या याचा अहवाल घोड्याच्या मालकानं नोंदणीसंस्थेला दिलेला असावा लागतो. असोसिएशन तर आईबाप तपासायला केसांवरून डीएनए मागते. आयाळीचे किंवा शेपटीचे केस मुळासकट उपटून पाठवायचे. कापलेले चालत नाहीत, कारण जे हवं ते मुळाशी असतं.

अब्याला आम्ही खच्ची करून घेतलं. घरात मुलं असताना पूर्ण नर घोडा ठेवू नये, हे आम्हाला पशुवैद्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं. बुटका असला तरी वयात आलेला नर चावतो, लाथा झाडतो, घोडीचा वास आला की कुणाचं ऐकत नाही. ती तारीखही मी दोन्ही संस्थांना कळवून कागदावर चढवली. मुलगा हसला. म्हणाला, आबा, त्यांना काय पडलंय? मी म्हटलं, पडलेलं नसतं म्हणून तर रकाना ठेवलेला असतो.

तर २०२४ च्या वसंतात अब्या पाच वर्षांचा झाला आणि आम्ही त्याला मोजला. आठ दिवस आधी नालबंदाकडून खूर तासून घेतले होते, म्हणजे फसवाफसवी नको. चौतीस इंच आणि वर पाऊण. पुन्हा मोजला. चौतीस आणि पाऊण. नातीनं मोजपट्टी काढून घेतली आणि स्वतः मोजलं, तिसऱ्यांदा तेच. तिला असोसिएशनच्या मुलांच्या स्पर्धेत उतरायचं होतं, मैत्रिणी उतरणार होत्या. पाऊण इंचासाठी ते दार बंद झालं. ती रडली. मग मी तिला दुसऱ्या वहीतला 'बी' गट दाखवला. तिथे अब्या आरामात बसतो. कागद दोन्हीकडचे नसते तर मात्र माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मागच्या वर्षी ती दोघं एका छोट्या प्रदर्शनात उतरली. दोर हातात धरून घोड्याला पूल, दांडे, ताडपत्री यांवरून न्यायचं, असा तो प्रकार होता. ताडपत्रीवर अब्या थांबला, वास घेतला आणि खाली बसला. नंबर आला नाही. फोटो मात्र आमच्या फ्रिजवर आहे.

आता लेखातल्या बाकीच्या विधानांकडे येतो.

मुलं पाठीवर बसतात हे अर्धसत्य आहे. घोड्यानं आपल्या वजनाच्या साधारण वीस टक्क्यांहून जास्त भार पाठीवर वाहू नये असा इथे सर्वसाधारण दंडक मानतात, त्यात खोगीरही आलं. अब्या ९५ किलोचा. म्हणजे १९ किलो, आणि त्यात खोगीर वजा करा. नात सहाव्या वर्षीच त्याच्या बाहेर गेली होती. बसली ती जेमतेम एक हिवाळा, तेही घोडा पुरेसा मोठा झाला नसताना, आणि ते चुकलंच. ओढणं ही वेगळी गोष्ट. चाकांवरचा भार पाठीवर येत नाही, त्यामुळे हलक्या दोनचाकी गाडीत असा घोडा मोठ्या माणसालाही ओढतो. ब्रिटनच्या कोळशाच्या खाणींत शेटलँड जातीची तट्टं वर्षानुवर्षं हेच काम करत होती. नात आता अकरा वर्षांची आहे, गाडीत बसून अब्याला हाकते. मी शेजारी बसायला अजून धजलेलो नाही.

विमानाचं. अमेरिकेच्या अपंगविषयक कायद्याच्या २०११ पासून लागू झालेल्या नियमांत अपंगांना मदत करणाऱ्या कुत्र्याबरोबर तशाच प्रशिक्षित बुटक्या घोड्यालाही आत घेण्याचा विचार करायला सांगितलं आहे, हे खरं. पण ते काम करणाऱ्या घोड्यापुरतं आहे, दुकान-हॉटेलांसारख्या जागांबद्दल आहे, आणि त्यातही जागा पुरते का, घोड्याला शिस्त आहे का, हे बघायची मुभा आहे. विमानांचे नियम वेगळे. जानेवारी २०२१ पासून सेवा-प्राणी म्हणून फक्त कुत्र्यालाच विमानात घेणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. लाडका घोडा मांडीशी घेऊन प्रवास करायचा बेत कुणी केला असेल तर तो सोडावा. साधं गाडीतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तरी सहसा पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र आणि रक्ताच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची कॉगिन्स चाचणी दाखवावी लागते. त्या चाचणीच्या कागदावर घोड्याचं वर्णन असतं, अंगावरच्या खुणांसकट. अब्याचे डाग कोणत्या बाजूला किती, हे मला आता पाठ आहे.

'घरात वावरतो' याबद्दल मात्र मी चिडलोच. लेखातला फोटो सोफ्याशेजारी उभ्या घोड्याचा आहे. फोटो काढण्यापुरता उभा राहील. पण घोडा दिवसाचे बहुतेक तास चरण्यासाठी आणि चालण्यासाठी घडलेला प्राणी आहे आणि तो कळपातला आहे. अब्या पहिले तीन महिने एकटा होता. कुंपणाच्या एकाच कडेनं येरझारा घालून त्यानं तिथे वाट पाडली. शेजारच्यांचा मोठा कुत्रा कुंपणावर यायचा तेव्हा तर बघवत नसे. कुंपण आम्ही घोडा बाहेर जाऊ नये म्हणून बघितलं होतं. कुत्रं आत येऊ नये म्हणून ते पुन्हा बांधावं लागलं. हे कुठल्या लेखात लिहिलेलं नसतं.

आणि खाणं. लेखिका म्हणतात, 'खायला थोडंसंच लागतं, त्यामुळे सोपं.' थोडंसं लागतं हेच अवघड आहे. नात गाजर देई, सून सफरचंदाची फोड देई, मुलगा जाता-येता मूठभर दाणा टाकी, आणि मी काय करत होतो ते सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पशुवैद्यानं अब्याच्या मानेवर हात फिरवला आणि आयाळीखाली साठलेली चरबी आम्हाला बोटानं दाबून दाखवली. असल्या लठ्ठ घोड्याच्या खुराच्या आतले पापुद्रे सुजतात, खूर आणि हाड यांची धरणूक सुटते, आणि मग तो उभाही राहू शकत नाही. बरं, उपाशी ठेवून वजन उतरवावं तर तेही जिवावर बेततं, कारण बुटक्या घोड्याचं पोट रिकामं राहिलं की अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि यकृत बिघडतं. तेव्हापासून चारा तोलून देतो: वजनाच्या दीड टक्का, दिवसाला १ किलो ४०० ग्रॅम, भुकेचे तास लांबू नयेत म्हणून चार वेळा विभागून. आणि वसंतात नवं गवत आलं की बाहेर सोडताना तोंडाला मुसकं. मळणीच्या बैलाला बांधतात ना, तेच. फक्त याला खाली एक भोक असतं, त्यातून चार काड्या ओढता येतात. शेजारी विचारतात, चावतो का? मी सांगतो, नाही, खातो.

याखेरीज दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासणं, वर्षाकाठी दात घासून घेणं, धनुर्वात आणि रेबीजसारख्या लसी. दातांचं विशेष, कारण डोकं लहान आणि दात भरपूर, दाटीवाटी होते. हे सगळं तीस वर्षं. असे घोडे तिशी सहज गाठतात. अब्या तीस वर्षांचा होईल तेव्हा २०४९ साल असेल आणि नात पस्तिशीची. माझं काय ते तुम्हीच मांडा.

एक दुरुस्ती मात्र आपण छापावीच. लेखासोबतच्या चौकटीत थंबेलिना या घोडीचा उल्लेख 'या जातीचा आदर्श नमुना' असा आहे. थंबेलिना ४४.५ सेंटिमीटर उंचीची, जगातली सर्वांत लहान घोडी म्हणून विक्रमात होती आणि २०१८ साली वारली. पण ती खुजी होती, म्हणजे तिला जन्मजात खुजेपणाचा विकार होता. खुजा घोडा आणि बुटका घोडा एक नव्हेत. बुटका घोडा हा मोठ्या घोड्याचीच सगळी मापं लहान करून आणलेला असावा, अशी नोंदणीसंस्थांची अपेक्षा असते. असोसिएशनच्या मानकात खुजेपणा हा दोष आहे, आणि तो घोडा बाद ठरतो. या विकाराची काही जनुकं आता चाचणीत सापडतात. वरून धडधाकट दिसणारे नर-मादी दोघंही ती बाळगून असले, तर प्रत्येक गर्भाला चारात एक अशी जोखीम. आखूड पाय, पुढे आलेला जबडा, वाकडे सांधे. 'जितका लहान तितका किमती' असं वाचून लोक असली पिल्लं मागू लागले, तर ती पैदा करणारेही निघतील. चौकटीतलं ते एक वाक्य म्हणूनच मला सगळ्यांत जड वाटलं.

कागदांबद्दल इतकं लिहिल्यावर एक कबुली द्यायला हवी. अब्याला सोबत म्हणून आम्ही जी घोडी आणली तिचे कसलेही कागद नाहीत. वय दात बघून एकोणीस ठरवलं. आईबाप माहीत नाहीत, कुठल्या वहीत नाव नाही, कुणाच्या तरी परसात वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली होती. घरात तिच्याइतकं शहाणं जनावर दुसरं नाही. नालबंद आला की स्वतः पाय उचलून देते. कुत्रं भुंकलं की अब्या तिच्या आडोशाला जातो आणि ती तशीच रवंथ केल्यासारखं तोंड हलवत उभी राहते. (घोडा रवंथ करत नाही, ठाऊक आहे. तुमचे वाचक पत्र लिहितील म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

तिची वही मीच केली. जुन्या सवयीनं रकाने आखले: रंग, खुणा, उंची, मोजल्याची तारीख, लस, खूर, दात. आईबापांच्या रकान्यात आडवी रेघ मारली. मालकाच्या रकान्यात नातीनं स्वतःचं नाव लिहिलं, आणि मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, आबा, साक्षीदार म्हणून तू सही कर. केली. तारीखही घातली.

आपला,
एक जुना वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, विकणारा अजून याच भागात आहे.)